पावसाळा उलटला, तंबू परत उभे करायचेत: आधी हात कशाला घालावा?

कोयनाकाठ:
राम राम मंडळी. जावळीत बामणोलीच्या वरच्या अंगाला आमची वडिलोपार्जित जमीन आहे, तिथं आम्ही दोघं भाऊ कॅनव्हासचे आठ तंबू चालवतो. आत पलंग, गाद्या, लाईट, मागं जोडून संडास-बाथरूम, हल्ली ज्याला ग्लॅम्पिंग म्हणतात ते. मृगाच्या आधी तंबू उतरवून जुन्या घराच्या माळ्यावर ठेवतो आणि नवरात्रात बाहेर काढतो, कारण आमच्या खोऱ्यातला पाऊस कुठल्याच कापडाला झेपत नाही. चार महिने तिथं फक्त जांभ्याचे चौथरे आणि कमरेएवढं गवत असतं.

दिवाळीचे फोन यायला लागलेत. धाकटा म्हणतोय यंदा पैसे दिसतील तिथं घालू, म्हणजे लाईटच्या माळा, झोपाळे, फोटो काढायला लाकडी चौकट, एका तंबूत बाथटब. माझं म्हणणं आधी कॅनव्हास, पाण्याची टाकी, संडासाची टाकी, वायरिंग आणि पायवाट, मग उरलं तर बाकीचं. दोन्हीला पैसा पुरणार नाही. घरात रोज जेवताना हाच विषय चालू आहे, आई कंटाळली.

दुसरं म्हणजे दसऱ्याला उघडावं का परतीचा पाऊस पूर्ण जाईपर्यंत थांबावं? कासची फुलं बघायला आलेली शेवटची गर्दी मिळते म्हणून भावाला घाई आहे. ज्यांनी असं काही चालवलंय किंवा अशा ठिकाणी राहून आलेत त्यांनी मनापासून सांगा.

फिरस्ता_कोथरूड:
गिऱ्हाईक म्हणून सांगतो, आधी संडास. आईला बरोबर घेऊन जाणारा माणूस पोचल्या पोचल्या बाथरूमचं दार उघडून बघतो, तंबू नंतर. गुडघ्यामुळे तिला कमोड लागतो, रात्री तिथपर्यंत ठेच न लागता जाता आलं पाहिजे आणि नळाला पाणी पाहिजे. बाथटब कोण वापरतं हो डोंगरात.

रील_रोहन:
मी वाईचा, पाचगणी पट्ट्यातल्या काही कॅम्पवाल्यांचं सोशल मीडिया बघतो. थोडं उलट बोलतो, राग मानू नका. बुकिंग फोटोवर होतं. संडास कितीही चकाचक असला तरी तो बघायला माणूस आधी यायला पाहिजे ना. मुंबईचा मुलगा रात्री मोबाईलवर वीस ठिकाणं सरकवत असतो, तुमच्या फोटोवर त्याचं बोट थांबलं तर फोन येणार. दादांचा धाकटा भाऊ बरोबर बोलतोय. बाथटब राहू दे पण लाईट आणि झोपाळा हवाच, त्याला फार खर्चही नाही.

मीनाताई_मेढा:
रोहन, आमच्याकडं निम्म्याच्या वर पाहुणे कुणीतरी सांगितलं म्हणून येतात, आणि सांगणारा काय सांगतो ते ऐक. गादी कोरडी होती, पाणी गरम मिळालं, पोराचं पोट बिघडलं नाही, भाकरी ऊन ऊन ताटात पडत होती. झोपाळ्याचं नाव कुणी काढलेलं मी तरी ऐकलं नाही. कोयनाकाठ भाऊ, तुम्ही तुमच्या म्हणण्यावर ठाम राहा. पाण्याचं मी सविस्तर लिहिते रात्री, आत्ता बचत गटाची मीटिंग आहे.

कापडवाला_कराड:
मंडपाचा धंदा आहे घरचा, तंबू शिवून पण देतो, म्हणून कापडापुरतं बोलतो.

पहिलं काम, तंबू आजच माळ्यावरून खाली काढा. दसऱ्याची वाट बघू नका. स्वच्छ ऊन बघून खळ्यात पसरा आणि घडी जिथं आतल्या बाजूला होती तिथं बोट फिरवा. टाचणीच्या डोक्याएवढे काळे ठिपके दिसले आणि कोंदट वास आला म्हणजे बुरशी धरलीय. ती आधी कोरडीच झाडायची, मऊ ब्रशनं, अंगणात, तोंडाला फडकं बांधून. ओलं करून घासायला घेतलं की ती धाग्यात आत जाते. झाडून झालं की साध्या पाण्यात पांढरं व्हिनेगर घालून पुसायचं आणि परत खडखडीत वाळवायचं. कपड्याची पावडर अजिबात नको, साबणानं कॅनव्हासवरचं वॉटरप्रूफिंग धुऊन जातं, आणि ब्लीच तर धागाच खातं. धुऊन झाल्यावर वॉटरप्रूफिंगचा नवीन हात मारावा लागतो, तो खर्च धरूनच चाला. काळा डाग राहिला तर राहू द्या. डाग गळत नाही, शिवण गळते.

शिवण तपासायची आमची पद्धत सांगतो. तंबू उभा करायचा, भर दुपारी आत जाऊन सगळी दारं-खिडक्या बंद करायच्या आणि डोळे अंधाराला सरावले की छपराकडं बघायचं. जिथं सुईच्या भोकातनं उजेड येतोय तिथं खडूनं खूण. मग बाहेरनं त्या जागेवर शिवणीचं सीलर लावायचं. एखादा तंबू नवीन घेणार असाल आणि तो सुती कॅनव्हासचा असेल तर पाहुणा घालायच्या आधी एकदा चांगला भिजवून वाळवा. पाण्यानं धागा फुगतो आणि शिवणीची भोकं बुजतात. नवा तंबू पहिल्या पाण्याला जरा झिरपला म्हणून शिंप्याशी भांडायला जाऊ नका.

दोराचं पण बघा. सुती दोर भिजला की आखडतो आणि नायलॉनचा भिजला की सैल पडतो. तुमच्याकडं दव भरपूर, म्हणजे सुती दोर संध्याकाळी जरा ढिला सोडायचा नाहीतर रात्रीतनं खुंटी उपटून येते, आणि नायलॉन असेल तर सकाळ-संध्याकाळ ताण बघायचा. एकाच तंबूला दोन्ही जातीचे दोर असतील तर एक बाजू ओढणार आणि एक बाजू लोंबणार, तंबू वाकडा. चेन अडकत असेल तर मेणबत्ती घासा, तेल घालू नका, तेलाला धूळ चिकटते. बाकी विचारा, सांगतो.

कोयनाकाठ:
कापडवाले दादा, ही खडूची पद्धत आजच वापरतो. दोर आमच्याकडं खरंच दोन जातीचे आहेत आणि खालच्या अंगाचे दोन तंबू दर वर्षी का तिरके होतात ते आत्ता कळलं.

चांदोलीकडचा:
मी बत्तीस शिराळ्याचा. शिराळ्याच्या माणसानं सापाचं नाही बोलायचं तर कुणी बोलायचं 😄 कमरेएवढं गवत म्हणालात ना, ते कापताना आधी काठीनं आपटत, पायात गमबूट घालून, एका बाजूनं सुरू करा आणि दुसरी बाजू मोकळी ठेवा. चारी बाजूंनी कापत आत आलात तर सगळी जनावरं मधल्या तुकड्यात गोळा होतात. आणि कापलेलं गवत तिथंच ढीग करून ठेवू नका, दुसऱ्या दिवशी उचलायला गेलं की खाली घोणस बसलेली असते. चौथऱ्याच्या दगडातल्या फटी सिमेंटनं बुजवा. फुरसं अशाच फटीत बसतं.

वायरमन_पाटण:
गवताचं बरोबर हाय. माझं लायटीचं ऐका. पावसाळ्यात जमिनीतल्या केबलच्या जॉईंटात पाणी शिरतंय. जॉईंट मातीत ठिवायचाच न्हाय, खांबावर पेटीत घ्यायचा. समद्या तंबूंना मिळून ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी, म्हंजे करंट गळला की लाईन तोडणारा खटका, पाहिजे, आणि त्याच्यावरचं टेस्टचं बटण दाबून बघायचं, खटका पडला पाहिजे. लोकं म्हणत्यात आमच्याकडं एमसीबी हाय की. आरं ती वायरीला वाचवती, माणसाला न्हाय. ओल्या पायानं बाथरूममदनं येऊन पोरगं चार्जरला हात लावणार, तिथं आरसीसीबीच कामाला येतोय.

अर्थिंगचा खड्डा उघडून बघा, पट्टी गंजून तुटलेली असती आणि वरनं कळत न्हाय. उन्हाळ्यात तिथं पाणी घालायला इसरू नका. माळा लावायच्याच असतील तर बारा व्होल्टच्या घ्या. २३० च्या माळा कापडावर टाकायच्या न्हाईत म्हंजे न्हाईत.

रील_रोहन:
बघा म्हणजे माळांना वायरमन काकांची पण परवानगी मिळाली 😀

वायरमन_पाटण:
बारा व्होल्टला मिळाली लेका, तुला न्हाय.

हिरवळ_सातारा:
मी वनस्पतीशास्त्र शिकवते. दर वर्षी मुलांना घेऊन कासला जाते म्हणून या विषयात पडते. कास पठार पश्चिम घाटाबरोबर २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं. तिथं जांभ्या दगडावर मातीचा थर इतका पातळ आहे की एका सहलीच्या पायांखाली वर्षाचं बी तुडवलं जातं. तुमची जागा पठारावर नाही, खाली उतारावर आहे हे वाचून बरं वाटलं. पण निसर्ग काही सातबारा बघून थांबत नाही. रात्रभर जळणाऱ्या माळांवर पतंग आणि कीटक येऊन मरतात, आणि फुलांचं परागीभवन करणारे त्यांच्यातले कितीतरी असतात. पायवाटेला गुडघ्याच्या खाली, जमिनीकडे तोंड केलेले पिवळसर दिवे लावा आणि दहानंतर तेही निम्मे बंद करा. पाहुण्यांना आकाशगंगा दिसेल, ती मुंबईत कुठे दिसते.

आणि कृपा करून चौथऱ्याभोवती नर्सरीतली शोभेची झाडं लावू नका. तेरडा आपोआप येतो, कारवी असेल तर ठेवा. गवत कापताना तंबूभोवतीचं आणि वाटेचं कापा, लांबचं बी पडेपर्यंत राहू द्या.

रील_रोहन:
मॅडम, आकाशगंगेचा मुद्दा पटला. चांदण्याचा फोटो माळांच्या फोटोपेक्षा जास्त चालतो हे मी स्वतः बघितलंय, त्याला अंधारच लागतो. दादा, माझं मत बदलतोय, लाईट कमीच करा. झोपाळ्याचं मात्र मी सोडत नाही.

माळ्याचा_नातू:
वणव्याचं कुणी बोललं नाही. लांबचं गवत राहू द्या म्हणता मॅडम, पण फेब्रुवारीपासून ते काडेपेटीसारखं पेटतं. कुणीतरी सिगारेट टाकतो नाहीतर शेजारचा बांध जाळतो आणि वाऱ्यानं आग वर चढते. उताराला आग खालून वर पळते, माणसापेक्षा जोरात. खालच्या बाजूला जाळरेषा काढलीच पाहिजे, रुंद, मातीपर्यंत साफ.

हिरवळ_सातारा:
मान्य. बी साधारण दिवाळीनंतर पडून जातं, त्यानंतर जाळरेषा काढा. दोन्ही जमतं.

मीनाताई_मेढा:
आता पाण्याचं. टाकी चार महिने बंद असेल तर तळाला गाळ, मेलेली पाल, काय काय असतं. पूर्ण रिकामी करून आत उतरून घासायची, पण लोखंडी झाकण काढून बराच वेळ हवा खेळू द्यायची आणि वर एक माणूस उभा ठेवायचा, एकट्यानं उतरायचं नाही. मग टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर. अंदाजानं टाकू नका, गावातल्या जलसुरक्षकाला बोलवा, तो प्रमाण सांगेल आणि अर्ध्या तासानं ओटी टेस्ट करून दाखवेल, पाणी पिवळं झालं की क्लोरीन आहे. झऱ्याचं पाणी गार लागतं, गोड लागतं, म्हणून ते चांगलंच असतं असं नाही. पावसाळ्यात वरच्या गोठ्यातलं सगळं झिरपून झऱ्यात येतं. नमुना लॅबला द्या, रिपोर्ट येईपर्यंत पाहुण्यांना उकळून द्या.

संडासाची टाकी भरलीय का हे झाकण उघडून बघा. त्याहून मोठी गोष्ट शोषखड्डा. एवढ्या पावसानंतर जमीन पाण्यानं गच्च असते, खड्डा पाणी पीतच नाही. आठ तंबू भरले, सकाळी सात वाजता सगळ्यांनी फ्लश केलं की पाणी उलटं फिरणार. मोठे ड्रम भरून एकदम ओता आणि किती वेळात उतरतं ते बघा. उतरत नसेल तर निम्मेच तंबू उघडा. आंघोळीचं पाणी वेगळं काढून कर्दळीच्या वाफ्यात सोडा, शोषखड्ड्यावरचा भार निम्मा होतो. आणि संडासात ॲसिड, फिनेल ओतायचं बंद, त्यानं टाकीतले जिवाणू मरतात आणि मग वास सुटतो. लोकं वास आला की आणखी फिनेल ओततात!

फिरस्ता_कोथरूड:
ताई, तुमच्याकडं राहायला यायचं ठरवलं.

मीनाताई_मेढा:
या की. येताना कंदी पेढे आणू नका, इथं घरोघरी आहेत. चितळ्यांची बाकरवडी आणा 😊

कापडवाला_कराड:
बाकरवडी कराडलाही पाठवा.

चांदोलीकडचा:
आणि बदल्यात आमच्याकडनं सांगलीची हळद. चला, धागा खाण्यावर गेला म्हणजे आता पाचशे प्रतिसाद होणार.

दवाखाना_कोरेगाव:
डॉक्टर आहे, थोडं गंभीर लिहितो, कारण थंडीत हे दर वर्षी कुठंतरी घडतं. तंबूच्या आत कोळशाची शेगडी कधीही, कुठल्याही कारणानं ठेवू देऊ नका. बंद कापडात कार्बन मोनॉक्साईड साठतो, त्याला वास नाही, माणूस झोपेतच जातो. बाहेर शेकोटी करा, आत पांघरूण वाढवा. पाहुणे स्वतः शेगडी आत ओढतात म्हणून रात्री झोपायच्या आधी तुमच्या माणसानं शेगडी विझवून उचलून नेली पाहिजे. गॅस गिझर असेल तर तो बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत.

सापाबद्दल शिराळकरांनी चांगलं लिहिलंय. मी मण्यारीचं जोडतो. ती रात्री हिंडते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, चावल्याचं पुष्कळदा कळत पण नाही, सूज नाही, दुखणं नाही, पहाटे पोटात कळा आणि पापण्या जड होतात. म्हणून जास्तीचा पाहुणा आला की खाली गादी टाकून झोपवायचं नाही, खाट द्यायची आणि मच्छरदाणी गादीखाली खोचायची. तंबूत खाऊ ठेवू द्यायचा नाही, खाऊला उंदीर येतो आणि उंदराच्या मागं साप येतो. चावलाच तर कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, पाय न हलवता १०८ किंवा स्वतःची गाडी. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांवर एकच प्रतिविष चालतं, त्यामुळं साप पकडून आणायची गरज नाही. सगळ्यात जवळचं कुठलं सरकारी रुग्णालय रात्री प्रतिविष देतं हे आज फोन करून विचारून ठेवा आणि तो नंबर प्रत्येक तंबूत चिकटवा.

विंचवाला पण हलकं घेऊ नका, लाल विंचू लहान मुलांना जीवघेणा आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्यावर प्राझोसिन वापरून किती जीव वाचवले हे आपल्याकडं सगळ्यांना माहीत आहे. सकाळी बूट झटकून घालायचे, एवढी सवय पाहुण्यांना लावा.

कोयनाकाठ:
डॉक्टरसाहेब, हे सगळं छापून प्रत्येक तंबूत लावणार. शेगडीचा नियम आहेच पण उचलून न्यायला माणूस नेमलेला नव्हता, तो नेमतो.

माणसांवरून आठवलं, आमची खरी अडचण माणसांची पण आहे. आमच्या खोऱ्यातली तरणी पोरं मुंबईला, माथाडीत नाहीतर मार्केटला. गणपतीला सगळे गावात होते, आता घरं परत बंद. दिवाळीपर्यंत हाताशी माझा भाऊ, मी आणि गावातल्या पाच-सहा बायका. त्या स्वयंपाक, गाद्या, सगळं बघतात, फार मन लावून. पण तंबू उभा करायला जोर लागतो.

कापडवाला_कराड:
दोन दिवस माझी पोरं पाठवतो, नवरात्रात मंडपाची घाई उरकली की. गाडीभाडं आणि जेवण बघा. त्यांच्याबरोबर तुमच्या गावातल्या दोघा-तिघांना शिकवून घ्या म्हणजे पुढच्या खेपेला कुणाची वाट बघायला नको.

कोयनाकाठ:
दादा, लय उपकार होतील. जेवणाची काळजी सोडा, नाचणीची भाकरी आणि खरडा पोटभर.

जलाशयपुत्र:
आमचं मूळ गाव शिवसागरच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, पाण्याखाली. घरं उठली तेव्हा भावकीतले निम्मे ठाण्याकडं गेले, निम्मे वरच्या डोंगराला चिकटून राहिले. म्हणून तुमच्या धाग्यावर एक वेगळी गोष्ट सांगावीशी वाटते. पाहुणे नावेत बसतात, सुंदर म्हणतात, फोटो काढतात. खाली काय होतं ते त्यांना कुणी सांगत नाही. तुमच्याकडच्या त्या बायकांपैकी एखाद्या म्हातारीला संध्याकाळी शेकोटीपाशी बसवा, तिला चहा द्या आणि बोलू द्या. कुठं देऊळ होतं, कुठं भाताची खाचरं होती, लग्नाचं वऱ्हाड कुठनं उतरायचं. माझ्या आजीनं मला असंच सांगितलं म्हणून मला माझं गाव माहीत आहे. त्याचे तिला मानानं पैसे द्या, फुकट नको.

आणि रोहन, फोटोचं एक लक्षात घे. दिवाळीला कोयना धरण काठोकाठ असतं, १०५ टीएमसी, पाणी अगदी अंगणात आल्यासारखं दिसतं. मे महिन्यात तेच पाणी लांब खाली जातं आणि मधे चिखलाचा लाल पट्टा पडतो. दिवाळीचा फोटो टाकून मे मध्ये बोलावलं की पाहुणा फसवल्यासारखं तोंड करतो. महिन्यामहिन्याचा फोटो टाका.

रील_रोहन:
हे मनावर घेतो. खरं सांगायचं तर मला हे माहीतच नव्हतं. महिनावार फोटोंची कल्पना फार आवडली, दादा तुम्हाला मी ती मालिका करून देतो, पैसे नको. म्हातारीचं बोलणं तिच्या परवानगीनं रेकॉर्ड करू, तिला आवडलं तरच टाकू.

जलाशयपुत्र:
ये. मी पण येतो.

थंडीवाज_महाबळेश्वर:
थंडीचं राहिलं. आमच्या वेण्णा लेकला बऱ्याच हिवाळ्यात पहाटे होड्यांवर दवबिंदू गोठून पांढरा थर बसतो, पेपरात फोटो येतो. तळ्याच्या काठाला वरच्या माळापेक्षा जास्त गारठा असतो कारण गार हवा जड असते, ती रात्री उतारावरनं खाली येऊन खोलगट जागेत साठते. तुमचे सगळ्यात खालचे तंबू असतील तिथं गोधड्या दुप्पट ठेवा. आणि तंबूच्या वरच्या झडपा रात्री पूर्ण बंद करू नका, श्वासाची वाफ छपराला लागून पहाटे आत ठिबकते आणि पाहुणा म्हणतो तंबू गळतोय.

कापडवाला_कराड:
शंभर टक्के. निम्म्या "गळतीच्या" तक्रारी ह्याच असतात.

मीनाताई_मेढा:
गोधड्या गावातल्या बायकांकडनं शिवून घ्या, जुन्या लुगड्यांच्या. दुकानातल्या ब्लँकेटपेक्षा ऊब जास्त आणि चार पैसे गावात राहतात. गाद्या तीन-चार उन्हं खाऊ द्या, दोन्ही बाजूंनी, काठीनं झोडून.

नियमवाला:
कागदांचं पण बघा. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० चं आहे, पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी होते. जेवण देता म्हणजे अन्न परवान्याची नोंदणी हवी. रजिस्टरला ओळखपत्राची नोंद. रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद हा कायदाच आहे, त्याची पाटी लावा म्हणजे भांडण तुमच्यावर येत नाही. पाण्यालगत काही करणार असाल तर ती जमीन प्रकल्पाची आहे का आपली हे मोजणीच्या नकाशावर बघा, आणि वनहद्द कुठं आहे तेही. पलीकडं सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे, चेष्टा नाही.

पोरगी_साताऱ्याची:
डीजेवाल्या कॅम्पवर एकदा गेलो होतो मैत्रिणी मिळून, रात्रभर झोप नाही आणि शेजारच्या वाडीतली एक मावशी सकाळी येऊन म्हणाली आमचं तान्हं बाळ जागं होतं गं पोरींनो. फार वाईट वाटलं. दादा, तुमच्याकडं शांतता असेल तर ती जाहिरातीत सगळ्यात वर लिहा. मुलींना सगळ्यात आधी काय हवं सांगू? आतनं लागणारी कडी आणि रात्री हाक मारली तर येणारी एखादी बाई तिथं मुक्कामाला. बाथटबचे पैसे तिच्या पगारात घाला.

कोयनाकाठ:
ताई, हे आमच्या डोक्यातच आलं नसतं. गावातल्या मावशी रात्री घरी जातात. आता एक खोली त्यांच्यासाठी काढतो आणि आळीपाळीनं मुक्काम लावतो.

वायरमन_पाटण:
कोयनेकडं कदी कदी हलका धक्का बसतोय भूकंपाचा, ममईचा पाव्हणा घाबरून गाडी काढतोय. त्याला सांगा, १९६७ ला पडली ती दगडमातीची घरं. भूकंपात कापडाच्या तंबूएवढी बिनधोक जागा न्हाय 😄

फिरस्ता_कोथरूड:
हे पण जाहिरातीत लिहा 😂

दवाखाना_कोरेगाव:
मूळ प्रश्न राहिलाच की, दसऱ्याला उघडायचं का नाही?

चांदोलीकडचा:
नाही. परतीचा पाऊस दुपारनंतर गडगडाट घेऊन येतो, त्यात वीज. उघड्या उतारावर, एकट्या झाडाजवळ तंबू असेल तर फारच वाईट. पुण्याच्या आयआयटीएमचं दामिनी ॲप मोबाईलवर ठेवा, आजूबाजूला वीज पडत असली की कळतं. वीज सुरू झाली की सगळ्यांना पक्क्या घरात न्यायचं, तंबूत नाही. जुनं घर जवळ आहे ना?

कोयनाकाठ:
दीडशे पावलांवर. कौलारू आहे, मोठी पडवी आहे.

थंडीवाज_महाबळेश्वर:
मग कासच्या शेवटच्या गर्दीला त्या घरातच दोन खोल्या द्या. तंबू पाऊस गेल्यावर. फुलं बघायला आलेल्या माणसाला कोरडी खोली आणि गरम जेवण मिळालं तरी तो खूश असतो. वासोट्याचा ट्रेक पावसाळ्यानंतर सुरू झाला की तंबूला गिऱ्हाईक येणारच आहे, बोट तुमच्या बामणोलीतनंच सुटते. त्या लोकांना पहाटे गरम पाणी आणि बरोबर बांधून द्यायला नाष्टा लागतो, त्याची तयारी आधीपासून ठेवा.

कोयनाकाठ:
भावाला शेजारी बसवून सगळा धागा वाचून दाखवला. त्याचं आणि माझं एकमत झालं, आई म्हणाली देव पावला. असं ठरवलंय: उद्या तंबू खळ्यात. परवा गवत, शिराळकरांनी सांगितलं तसं एका बाजूनं. त्याच आठवड्यात टाकी आणि शोषखड्डा, पाण्याचा नमुना लॅबला. वायरमन दादांनी यादी दिली त्याप्रमाणं आरसीसीबी आणि अर्थिंग. नवरात्र उरकलं की कराडची पोरं येतील तेव्हा तंबू उभे. कासवाल्या पाहुण्यांना जुन्या घरातल्या दोन खोल्या. तंबू पाऊस गेल्याशिवाय द्यायचे नाहीत, त्यासाठी आलेले दोन फोन आजच पुढं ढकलले, दोघंही तयार झाले. बाथटब रद्द, त्या पैशातनं मावशींचा मुक्काम आणि गोधड्या. पायवाटेला खालचे दिवे. आणि एक झोपाळा, भावासाठी, आंब्याच्या फांदीला, घरीच करणार.

मीनाताई, शोषखड्डा पाणी पीत नसेल तर निम्मे तंबू म्हणालात, पण दिवाळीला सगळे भरतील असं दिसतंय. दुसरा खड्डा काढावा का?

मीनाताई_मेढा:
काढा, पण आत्ता नको. ओल्या जमिनीत काढलेल्या खड्ड्याच्या कडा चिखलानं लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात आणि मग तो कधीच नीट पीत नाही. आठ-दहा उन्हं पडू द्या, मग काढा. झऱ्यापासून लांब आणि झऱ्याच्या खालच्या अंगाला, वर अजिबात नाही. तळाला मोठे दगड, वर खडी, वर वाळू. तोपर्यंत आंघोळीचं पाणी कर्दळीला. कर्दळीचे कंद माझ्याकडं भरपूर आहेत, मेढ्याला बाजाराला आलात की पोतंभर घेऊन जा.